ड्राफ्ट आणि बुलपेन: अमेरिकेतले बेसबॉलचे चाहते ज्या दोन निर्णयांवरून वर्षभर भांडतात, ते नेमके काय असतात?

१२ ऑक्टोबर २०१२ ची रात्र. वॉशिंग्टन नॅशनल्स आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांच्यातल्या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा सामना. जिंकेल तो पुढच्या फेरीत, हरेल तो घरी. सुरुवातीलाच नॅशनल्सनी ६-० अशी आघाडी घेतली होती. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत ती कमी होऊन ७-५ झाली, तरी सामना त्यांच्याच हातात होता. चेंडू ड्रू स्टोरेनकडे देण्यात आला. शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखणं हेच त्याचं काम होतं. कार्डिनल्सचे दोन जण बाद झाले. विजयासाठी फक्त एक स्ट्राइक हवा होता. एकदा नाही, दोन वेगवेगळ्या बॅटर्ससमोर स्टोरेन तिथपर्यंत पोहोचला. पण तो एक स्ट्राइक काही मिळाला नाही. चार धावा गेल्या आणि नॅशनल्स ९-७ असे हरले.

त्या वर्षी नियमित हंगामात सगळ्यात जास्त सामने जिंकलेला संघ होता हा. आणि त्याचा सगळ्यात भेदक पिचर, स्टीफन स्ट्रासबर्ग, या मालिकेच्या संघातच नव्हता. त्याला दुखापत झालेली नव्हती. त्याच्या कोपरावर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती आणि हाताला जपायचं म्हणून संघाने त्याला सप्टेंबरमध्येच थांबवलं होतं.

गंमत म्हणजे स्ट्रासबर्ग आणि स्टोरेन हे दोघंही नॅशनल्सनी एकाच दिवशी निवडले होते. २००९ च्या ड्राफ्टमध्ये स्ट्रासबर्ग पहिल्या क्रमांकावर, स्टोरेन दहाव्या.

बेसबॉलच्या चाहत्याशी दहा मिनिटं बोललात तर गाडी हमखास दोन विषयांवर येते. एक, ‘आपल्या संघाने ड्राफ्टमध्ये कोणाला घ्यायला हवं होतं’. दोन, ‘मॅनेजरने त्या पिचरला तेव्हा का काढलं’. पहिल्या निर्णयाचं फळ दिसायला पाच-पाच वर्षं लागतात, दुसऱ्याचं पाच मिनिटांत दिसतं. वरवर पाहिलं तर दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पिचरचा हात किती चालेल, आणि तो कधी खर्च करायचा?

आधी थोडं बेसबॉल

मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली सर्वोच्च लीग. तिच्यात ३० संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे साधारण सहा महिने जवळपास रोज सामना. एका सामन्यात नऊ इनिंग असतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन जण बाद झाले की पाळी संपते.

चेंडू टाकणारा तो पिचर. सामना सुरू करतो त्याला स्टार्टर म्हणतात, त्याच्यानंतर येणाऱ्यांना रिलीव्हर. स्टार्टर साधारण पाच दिवसांतून एकदा खेळतो, त्यामुळे संघाकडे पाच स्टार्टर लागतात. संघाच्या २६ जणांच्या यादीत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. पाच स्टार्टर वजा केले की उरले आठ. हे आठ जण म्हणजे बुलपेन.

क्रिकेटपेक्षा वेगळा आणि लक्षात ठेवण्यासारखा नियम एकच. पिचरला एकदा सामन्यातून काढलं की तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. आपल्याकडे कर्णधार मुख्य गोलंदाजाची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. काढला तो गेला.

ड्राफ्ट म्हणजे काय?

आयपीएलमध्ये लिलाव होतो. ज्याच्याकडे पैसे जास्त, तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, रांग असते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात आणि ज्या संघाने नाव घेतलं, त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क फक्त त्याच संघाचा. मागच्या हंगामात जो संघ वाईट खेळला, त्याचा नंबर आधी लागतो. श्रीमंत संघांनीच सगळे चांगले पोरगे उचलू नयेत, हा त्यामागचा हेतू.

बेसबॉलचा ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला. पहिल्यांदा निवडला गेलेला खेळाडू होता रिक मंडे. पूर्वी ४० फेऱ्या व्हायच्या. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, फक्त पाच झाल्या आणि २०२१ पासून २० होतात. जुलैमध्ये ऑल-स्टार सामन्याच्या सुमारास हा कार्यक्रम असतो. मुद्दाम हरून पहिला नंबर पटकावू नये म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढली जाते.

अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको इथले खेळाडू ड्राफ्टमधून येतात. बारावी झालेला मुलगा पात्र असतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर त्याला साधारण तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षं होईपर्यंत थांबावं लागतं. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला अशा देशांतल्या मुलांची वाट वेगळी आहे. त्यांच्याशी संघ सोळाव्या वर्षापासून थेट करार करू शकतात.

पैशांवरही लगाम आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाची एक किंमत लीग ठरवते. त्यांची बेरीज म्हणजे संघाचं बोनससाठीचं बजेट. त्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त खर्च केला तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड जाते. त्यामुळे संघ हिशेब जुळवत बसतात: पहिल्या निवडीला थोडं कमी देऊन वाचलेले पैसे खालच्या फेरीतल्या एखाद्या गुणी मुलाला द्यायचे. ‘पहिल्या नंबरवर सगळ्यात चांगला खेळाडू का घेतला नाही’ या चाहत्यांच्या ओरडीचं उत्तर बऱ्याचदा या हिशेबात असतं.

गरीब संघांसाठी हे एवढं महत्त्वाचं का, ते एका तुलनेतून कळेल. २०२३ च्या डिसेंबरमध्ये डॉजर्सनी शोहेई ओतानीशी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या पॉल स्कीन्स या पिचरचा बोनस होता ९२ लाख डॉलर. मेजर लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूला दुसऱ्या संघांशी मोकळेपणाने बोलता येत नाही. म्हणजे ड्राफ्टमधली एक बरोबर निवड संघाला सहा वर्षं स्वस्तात तारा मिळवून देते.

प्रॉस्पेक्टला जोखतात कसं?

ज्याच्याकडून पुढे मोठ्या अपेक्षा आहेत, असा तरुण खेळाडू म्हणजे प्रॉस्पेक्ट. त्याच्यावर नजर ठेवणारे स्काउट २० ते ८० अशा मापावर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. ८० क्वचितच कोणाला मिळतात. बॅटरचे पाच गुण पाहतात: चेंडूला बॅट लावणं, ताकद, पळणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. पिचरच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूला वेगळे गुण असतात, शिवाय अचूकतेला वेगळे.

तरीही अंदाज चुकतात, आणि भले-भले चुकतात. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने ७०३ होमरन मारले. माइक पियाझाला १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत घेतलं होतं. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. स्ट्रासबर्गच्याच २००९ च्या ड्राफ्टमध्ये माइक ट्राउट २५ व्या क्रमांकावर गेला. नंतर तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

याचं कारण असं की निवडलेला खेळाडू सहसा लगेच मोठ्या मैदानात उतरत नाही. आधी मायनर लीगच्या पायऱ्या: रूकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. यात तीन, चार, पाच वर्षं जातात. अठरा वर्षांच्या पोराचं शरीर आणि डोकं तेविसाव्या वर्षी कसं असेल, हे सांगणारं माप अजून कोणाकडे नाही.

शाळकरी पिचर घ्यावा का?

चाहत्यांमधला हा जुना वाद. बारावीचा पिचर स्वस्तात मिळू शकतो आणि त्याच्यात वाढीला वाव असतो. पण त्याचा हात मोडण्याआधी मोठ्या मैदानापर्यंत पोहोचेल की नाही, याची खात्री नसते.

२०२५ पर्यंतच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर शाळकरी पिचर फक्त तीनदा निवडला गेला. तिघंही डावखुरे, आणि तिघांच्याही गोष्टी चटका लावणाऱ्या.

पहिला डेव्हिड क्लाइड, १९७३. टेक्सास रेंजर्सनी त्याला शाळा संपल्यावर काही दिवसांतच, अठराव्या वर्षी, थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. त्याला बघायला मैदान भरलं. पण हात आणि खांदा दुखावत गेला आणि त्याच्या नावावर सगळे मिळून १८ विजय राहिले. दुसरा ब्रायन टेलर, १९९१. न्यूयॉर्क यँकीजनी त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा गेला. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. तिसरा ब्रेडी एकन, २०१४. वैद्यकीय तपासणीत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला त्याच्या कोपराबद्दल शंका आली, करार फिसकटला. पुढच्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तोही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. करार न झाल्याची भरपाई म्हणून अ‍ॅस्ट्रोजला २०१५ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनी घेतलेला अ‍ॅलेक्स ब्रेगमन २०१७ च्या विजेत्या संघात होता.

उलट, कॉलेजमधून आलेला स्कीन्स एका वर्षाच्या आत मेजर लीगमध्ये होता. २०२४ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याने जिंकला.

म्हणजे कॉलेजचा पिचर घेतला की प्रश्न मिटला? तसंही नाही. भारतीय वाचकांना कुमार रॉकरचं नाव ऐकून कुतूहल वाटेल. त्याची आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे माजी खेळाडू. व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळताना २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या बाद फेरीत एकही हिट न देता १९ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय अहवाल पाहून करारच केला नाही. त्याने खांद्यावर छोटी शस्त्रक्रिया करून घेतली, लीगबाहेरच्या एका संघाकडून खेळला आणि २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो अखेर मेजर लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात चार इनिंगमध्ये सात जणांना स्ट्राइकआउट केलं. पुढच्या हंगामात मात्र त्याला सूर सापडला नाही आणि मायनर लीगमध्ये परत जावं लागलं. मेट्स बरोबर होते की रेंजर्स? या प्रश्नाला आजही ठाम उत्तर नाही.

बुलपेन म्हणजे काय?

मैदानाच्या कडेला, बहुतेक ठिकाणी कुंपणापलीकडे, एक जागा असते. तिथे रिलीव्हर बसलेले असतात आणि गरज पडली की हात गरम करतात. ती जागा म्हणजे बुलपेन. तिथे बसणाऱ्या पिचर्सच्या ताफ्यालाही बुलपेनच म्हणतात. मॅनेजरच्या बाकाजवळून तिथे थेट फोन असतो. फोन वाजला की कोणीतरी उठतो आणि चेंडू टाकायला लागतो.

कामं वाटून दिलेली असतात. क्लोजर शेवटची इनिंग टाकतो. सेटअप पिचर आठवी सांभाळतो. स्टार्टर लवकर कोसळला तर तीन-चार इनिंग रेटून नेणारा लाँग रिलीव्हर असतो. पूर्वी एकाच डावखुऱ्या बॅटरसाठी एक डावखुरा पिचर आणून लगेच काढायची पद्धत होती. २०२० पासून ती बंद झाली. आता आलेल्या पिचरने किमान तीन बॅटर्सना तरी तोंड द्यायचं किंवा इनिंग संपवायची.

चाहत्यांना टीव्हीवर जे दिसत नाही, तिथेच बुलपेनचं खरं गणित असतं. एखादा रिलीव्हर सलग दोन दिवस खेळला असेल तर तिसऱ्या दिवशी त्याला शक्यतो विश्रांती देतात. काही वेळा तो बुलपेनमध्ये पंचवीस-तीस चेंडू टाकून तयार होतो आणि सामन्यात त्याला बोलावलंच जात नाही. आकडेवारीत त्या दिवशी त्याच्या नावावर काहीच नसतं, पण हाताने काम केलेलं असतं. ‘चांगला पिचर असताना याला का आणला’ असं आपण ओरडतो, तेव्हा तो चांगला पिचर त्या दिवशी उपलब्धच नसण्याची शक्यता बरीच असते.

सर्वोत्तम पिचर शेवटासाठीच राखायचा का?

क्लोजरच्या कामगिरीचं माप म्हणजे ‘सेव्ह’. साधारणपणे तीन किंवा कमी धावांच्या आघाडीवर येऊन एक इनिंग टाकून सामना जिंकून दिला की सेव्ह मिळतो. ही कल्पना जेरोम होल्ट्झमन या क्रीडा पत्रकाराची. १९६९ मध्ये ती अधिकृत आकडेवारीत आली. १९८० च्या दशकाच्या शेवटी ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सलीला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगसाठी वापरायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. मारियानो रिव्हेराने यँकीजसाठी ६५२ सेव्ह मिळवले. हा विक्रम आजही कायम आहे.

पण आकडा कामाचं मोजमाप करतो की कामच आकड्याप्रमाणे ठरायला लागतं? या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१६ मधलं आहे. बाल्टिमोर ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या वर्षी ४७ पैकी ४७ संधींमध्ये यशस्वी ठरला होता. दर नऊ इनिंगमागे तो सरासरी ०.५४ धावा देत होता. टोरंटोविरुद्ध हरला तो संपला अशा सामन्यात ११ व्या इनिंगला २-२ अशी बरोबरी होती. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला आणलंच नाही. आघाडी मिळाली की त्याला आणू, म्हणून त्याला राखून ठेवलं होतं. आघाडी मिळालीच नाही. उबाल्डो हिमेनेसच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि ओरिओल्सचा हंगाम संपला. सगळ्यात चांगला पिचर बुलपेनमध्येच बसून राहिला.

त्याच महिन्यात क्लीव्हलँडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना उलट वागत होते. अँड्र्यू मिलर हा त्यांचा सगळ्यात भरवशाचा रिलीव्हर. त्याला ते पाचव्या, सहाव्या, सातव्या, ज्या इनिंगला सामना निसटतोय असं वाटेल त्या इनिंगला आणत. संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचला आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू मिलर ठरला. आग शेवटच्या मजल्यावरच लागेल असं नाही, हे चाहत्यांचं म्हणणं इथे खरं ठरलं. पण असं रोज करता येत नाही. ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांमध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात. १६२ सामन्यांच्या हंगामात ती पद्धत वापरली तर मिलरसारखा पिचर जूनमध्येच थकेल.

चांगला चाललेला स्टार्टर काढायचा कधी?

एकच बॅटर त्याच पिचरसमोर एका सामन्यात तिसऱ्यांदा येतो, तेव्हा त्याची कामगिरी सरासरीने सुधारते. त्याने चेंडू पाहिलेले असतात आणि पिचर दमलेला असतो. या आकडेवारीवर टॅम्पा बे रेज या काटकसरी संघाने आपली पद्धत उभी केली. १९ मे २०१८ रोजी त्यांनी सर्जिओ रोमो या रिलीव्हरलाच सामना सुरू करायला लावला आणि नेहमीच्या पिचरला त्याच्यानंतर आणलं. या युक्तीला ‘ओपनर’ म्हणतात. आज बरेच संघ ती वापरतात.

त्याच रेजवर २०२० च्या वर्ल्ड सीरिजमध्ये ही पद्धत उलटली, असं चाहते म्हणतात. डॉजर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात ब्लेक स्नेलने सहाव्या इनिंगपर्यंत फक्त दोन हिट दिले होते, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं. रेज १-० ने पुढे होते. ७३ चेंडूंनंतर मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला काढलं, कारण डॉजर्सचे पहिले बॅटर तिसऱ्यांदा समोर येणार होते. पण त्याच तिघांना स्नेलने त्या दिवशी दोन-दोनदा, म्हणजे सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. त्याच्या जागी आलेला निक अँडरसन त्या ऑक्टोबरमध्ये आधीच थकलेला दिसत होता. मुकी बेट्सने आल्या-आल्या डबल मारला, दोन धावा गेल्या, सामना ३-१ असा हातचा गेला आणि किताबही.

सरासरी खोटी नव्हती. पण सरासरी हजारो सामन्यांची असते, आणि समोर त्या रात्रीचा स्नेल होता. शिवाय प्रश्न नुसता ‘स्नेल थकेल का’ हा नव्हता. ‘थकलेला स्नेल बरा की थकलेला अँडरसन’ हा होता. कॅश यांच्यावरची टीका या दुसऱ्या मुद्द्यावर जास्त रास्त ठरते.

ड्राफ्ट आणि बुलपेन एकत्र कुठे येतात?

रिलीव्हर म्हणून ड्राफ्टमध्ये वर निवडला जाणारा स्टोरेनसारखा पिचर विरळाच. बहुतेक रिलीव्हर स्टार्टर म्हणून निवडले जातात आणि तिथे जमत नाही म्हणून बुलपेनमध्ये येतात. मिलर २००६ च्या ड्राफ्टमधली सहावी निवड होता, स्टार्टर म्हणून. तिथे तो अपयशी ठरला. ब्रिटनही आधी स्टार्टरच होता. रिव्हेराचीही मेजर लीगमधली सुरुवात स्टार्टर म्हणून झाली होती. एका इनिंगपुरतं खेळायचं असल्यावर पिचरला ताकद राखून ठेवावी लागत नाही आणि तीन-चार प्रकारच्या चेंडूंऐवजी एक-दोन हुकमी चेंडूंवर भागतं. त्यामुळे ‘ड्राफ्टमधली निवड फुकट गेली’ असं तिसऱ्या वर्षी म्हणणारा चाहता सातव्या वर्षी त्याच पिचरसाठी टाळ्या वाजवत असतो.

उलट वाटही आहे. २०१४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सनी ब्रँडन फिनेगनला जूनमध्ये ड्राफ्ट केलं आणि ऑक्टोबरमध्ये थेट वर्ल्ड सीरिजच्या बुलपेनमध्ये उतरवलं. एकाच वर्षात कॉलेजची आणि मेजर लीगची, अशा दोन्ही वर्ल्ड सीरिज खेळणारा तो पहिला. गॅरेट क्रोशे २०२० मध्ये एकही मायनर लीग सामना न खेळता शिकागो व्हाइट सॉक्सच्या बुलपेनमध्ये आला. २०२२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर तो स्टार्टर झाला आणि आज आघाडीच्या पिचर्समध्ये गणला जातो.

या दोन निर्णयांची थेट टक्कर पाहायची असेल तर स्कीन्सचा ११ जुलै २०२४ चा सामना आठवावा. मिल्वॉकीविरुद्ध सात इनिंगमध्ये त्याने एकही हिट दिला नव्हता. ‘नो-हिटर’ म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट न देणं. ही पिचरच्या आयुष्यातली मोठी गोष्ट असते. पण ९९ चेंडू झाल्यावर त्याला काढलं. आठव्या इनिंगमध्ये रिलीव्हरने हिट दिला. पायरेट्स १-० ने जिंकले, तरी चाहते हळहळले. पण ज्या हातावर पुढची पाच वर्षं अवलंबून आहेत, तो एका संध्याकाळसाठी ताणायचा का? ड्राफ्टमधून आलेल्या हाताला जितकं जपाल, तितक्या जास्त इनिंग बुलपेनच्या अंगावर पडतात. ओझं संपत नाही, एका हातावरून दुसऱ्या हातावर जातं.

सगळं शेवटी कोपरापाशी का येतं?

१९७४ मध्ये डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातला अस्थिबंध फाटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच शरीरातली दुसरी शीर तिथे बसवली. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. तेव्हापासून या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. वर उल्लेख केलेले स्ट्रासबर्ग, रॉकर, एकन आणि क्रोशे हे सगळे त्यातून गेले आहेत. बरं व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं.

चेंडूचा वेग वाढतोय, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. २००८ च्या सुमारास मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१ मैल होता, आता तो ९४ च्या वर आहे. स्काउट वेग बघून गुण देतात, म्हणून पंधरा वर्षांची पोरं वेगाच्या मागे लागतात. बुलपेनमध्ये थोड्या चेंडूंत सगळी ताकद लावायची असते, म्हणून तिथेही वेगच लागतो. ड्राफ्टला जे हवं आणि बुलपेनला जे हवं, तेच कोपराला नको असतं.

मग चाहत्यांचं कुठे बरोबर, कुठे चूक?

निकाल पाहून निर्णय तपासणं ही चाहत्यांची सवय. २०१२ मध्ये नॅशनल्स हरले तेव्हा स्ट्रासबर्गला बसवणं हा मूर्खपणा ठरला. २०१९ मध्ये त्याच संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला स्ट्रासबर्ग. मग तोच निर्णय दूरदृष्टीचा ठरला. त्यानंतर संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा करार केला. त्या करारात तो जेमतेम आठ सामने खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. आता २०१२ च्या निर्णयाला काय म्हणायचं? हात वाचवला होता, पण कायमचा नाही. आणि त्या ऑक्टोबरमध्ये तो खेळला असता तर नॅशनल्स जिंकलेच असते, हेही कोणी सांगू शकत नाही.

चाहत्यांचं बरोबर तिथे असतं, जिथे ते निर्णयाच्या वेळी समोर असलेली माहिती विचारात घेतात. ब्रिटन तयार होता आणि सामना हरला तर हंगाम संपणार होता. अँडरसन थकलेला दिसत होता. या गोष्टी निकालाआधीच दिसत होत्या.

पुढच्या वेळी एखादा सामना पाहाल, तेव्हा मॅनेजर पिचरकडे चालत निघाला की तीन गोष्टी बघा. पिचरचे किती चेंडू झालेत, समोर येणारा बॅटर कितव्यांदा येतोय, आणि बुलपेनमधून निघालेला पिचर काल आणि परवा खेळला होता का. एवढं पाहिलंत की तुमचं मत चेंडू पडण्याआधीच तयार असेल. मग ते चुकलं तरी चालेल.